उरवणेशेटांचा जामीन

१८८२ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे जेमतेम वर्षाची होती आणि ती चालवणारे गोपाळ गणेश आगरकर व बाळ गंगाधर टिळक हे पंचविशी नुकतीच ओलांडलेले तरुण होते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा मजकूर या दोघांनी छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ज्या पत्रांच्या भरवशावर तो मजकूर छापला गेला होता ती पत्रे बनावट निघाली. खटल्यात जामिनासाठी दहा हजार रुपयांची हमी हवी होती. शाळा चालवणाऱ्या दोन तरुणांना ही रक्कम स्वप्नातही उभी करता आली नसती. जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून ती हमी दिली रामशेट बापूशेट उरवणे यांनी, म्हणजे सत्यशोधक समाजाच्या एका कार्यकर्त्याने.

ज्या वर्चस्वाविरुद्ध सत्यशोधक समाज उभा राहिला होता, त्याच वर्गातून हे दोन संपादक आले होते. पुढे मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न असो वा जातींच्या हक्काचा, टिळक सत्यशोधकांच्या नेमक्या विरुद्ध बाजूला उभे राहिलेले दिसतात. उरवण्यांना या माणसांच्या मतांशी सहमत होण्याचे कारण नव्हते आणि छापलेल्या मजकुराची शहानिशा करण्याचे साधनही त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी निकालाची वाट पाहिली नाही. दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली, एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या स्वागतालाही सत्यशोधक मंडळी पुढे होती.

पुस्तकबंदी आणि लेखकांची अटक हा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो, ‘पण त्याने लिहिले काय होते?’ हा. प्रश्न वाचकाचा म्हणून योग्यच आहे. तो पहिला असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. लेखक कोठडीत असेल तर आधी त्याच्यासाठी जामीन उभा राहिला पाहिजे आणि पुस्तक जप्त झाले असेल तर आधी ते सोडवले पाहिजे. वाचन, खंडन, निषेध, बहिष्कार हे सारे त्यानंतर, मोकळ्या माणसाशी आणि मोकळ्या पुस्तकाशी करायचे व्यवहार आहेत. हा क्रम उलटा केला की लेखकाचे स्वातंत्र्य आपल्या पसंतीवर अवलंबून राहते, आणि आपली पसंती ज्याला मिळत नाही असा लेखक नेहमी कोणाचा तरी शेजारी असतो.

टिळकांच्याच आयुष्यात हा क्रम पुन्हा पाहायला मिळतो. १८९७ मध्ये शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता ‘केसरी’त आली, आणि त्यावरून राजद्रोहाचा खटला झाला. आधी नाकारला गेलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दिन तय्यबजी यांनी दिला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची झाली. पुढच्या वर्षी त्यांच्या सुटकेसाठी जो अर्ज गेला त्यावर वेदांचे अभ्यासक मॅक्स म्युलर आणि विल्यम हंटर यांच्या सह्या होत्या. इंग्रजी राज्य हिंदुस्थानसाठी हिताचे आहे असे मानणारी ही माणसे होती. म्युलर यांना टिळक माहीत होते ते वेदांच्या काळाचा शोध घेणारे अभ्यासक म्हणून. त्या एका धाग्यावर त्यांनी आपले नाव दिले आणि टिळक सहा महिने आधी सुटले. बचावासाठी कलकत्त्यात निधी जमा करणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूर होते.

१९०८ मध्ये असे काही उपयोगी पडले नाही. ‘काळ’चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्यांना मदत करण्यासाठी टिळक मुंबईत आले आणि २४ जूनला ‘केसरी’तल्या लेखांवरून सरदारगृहात स्वतःच पकडले गेले. दुसऱ्या लेखकासाठी धावून जाणे ही त्या काळात किती जोखमीची गोष्ट होती, हे एवढ्यावरून कळावे. या वेळी जामिनाचा अर्ज घेऊन उभे होते महंमद अली जिना, आणि तो फेटाळणारे न्यायमूर्ती होते दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी तय्यबजींसमोर टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले ते हेच दावर. परांजप्यांना एकोणीस महिने सक्तमजुरी झाली, टिळकांना सहा वर्षे काळे पाणी, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यांतल्या बहुतेकांनी ‘केसरी’तले ते लेख वाचलेले असणे शक्यच नव्हते. पुढच्या वर्षी बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली ती प्रामुख्याने एका काव्यपुस्तिकेच्या प्रकाशनावरून. १९१० मध्ये ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली आणि त्याच वर्षीच्या प्रेस ॲक्टने छापखान्यांकडून अनामत रक्कम मागण्याचा अधिकार सरकारला दिल्यावर ‘काळ’ बंद पडला.

हा इतिहास आपण जयंत्या-पुण्यतिथ्यांना अभिमानाने सांगतो, पण त्यातला कायद्याचा भाग सांगायचा राहून जातो. टिळकांच्या पहिल्या खटल्यानंतर, १८९८ मध्ये, राजद्रोहाच्या कलमाची व्याप्ती वाढवण्यात आली आणि त्याच दुरुस्तीत दंडसंहितेत १५३ अ हे कलम घालण्यात आले. वर्गावर्गांत वैरभाव पसरवल्याचा गुन्हा तो हाच. १९२७ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याचे २९५ अ आले. पुस्तक सरकारजमा करण्याची तरतूद १९२२ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. १९४७ आले, १९५० आले, संहिता १९७३ मध्ये नव्याने लिहिली गेली, २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, आणि या प्रत्येक वळणावर ही कलमे, कधी त्याच तर कधी बदललेल्या क्रमांकाने, पुढे आली. राजद्रोहाच्या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली होती; नव्या संहितेत तो शब्द गेला आणि कलम १५२ आले, ज्यात देशाचे सार्वभौमत्व धोक्यात आणणाऱ्या शब्दांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. ‘मंडाले’ हा शब्द उच्चारताना आपला गळा दाटून येतो, आणि ज्या कारखान्यातून ती शिक्षा निघाली तो कारखाना आपण जपून ठेवला आहे, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

पुस्तक जप्त होते कसे, हेही नीट समजून घ्यायला हवे, कारण या प्रक्रियेतच अन्यायाचे मूळ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या सध्याच्या कलम ९८ प्रमाणे एखाद्या प्रकाशनात आक्षेपार्ह मजकूर आहे असे राज्य सरकारला ‘दिसले’, की कारणे नमूद करून अधिसूचना काढता येते आणि देशात कुठेही पोलीस त्याच्या प्रती ताब्यात घेऊ शकतात. आधी कोणाला नोटीस द्यावी लागत नाही, कोणत्याही न्यायाधीशासमोर आधी काही सिद्ध करावे लागत नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याने दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जायचे, तिथे तीन न्यायमूर्तींचे खास पीठ बसणार, आणि निकाल यायला काही वर्षे लागणार. बंदी घालायला एक कागद पुरतो. ती उठवायला मात्र वकील, पैसा, वर्षे आणि निगरगट्ट चिकाटी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या प्रशासनाने एकाच अधिसूचनेने पंचवीस पुस्तके अशी जप्त केली. त्यांत अब्दुल गफूर नूराणी यांचेही पुस्तक होते. मुंबईत वकिली करणाऱ्या आणि राज्यघटना हा ज्यांचा आयुष्यभराचा विषय होता अशा या लेखकाचे निधन त्याच्या वर्षभर आधीच झाले होते, त्यामुळे आपल्या पुस्तकाची बाजू मांडायला ते उरलेही नव्हते.

न्यायालयांनी या कायद्याला मोजमाप दिलेच नाही असे नाही, आणि त्यांतले उत्तम मोजमाप आपल्या नागपूरहून आलेले आहे. भगवतीचरण शुक्ला यांच्या प्रकरणात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले, की शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसाच्या कसोटीने. प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास येणाऱ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या कसोटीने नव्हे. निकाल स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा आहे, आणि तो आजवर जुना झालेला नाही. मार्च २०२५ मध्ये कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीचा आधार घेतला. अडचण अशी आहे की ही कसोटी लावली जाते ती शेवटी, सर्वोच्च पायरीवर. ठाण्यात गुन्हा नोंदवणारा अधिकारी आणि मंत्रालयात अधिसूचनेचा मसुदा करणारा अवर सचिव यांच्यासमोर समंजस आणि धीराचा माणूस नसतो, त्यांच्यासमोर असतो तो निवेदन घेऊन आलेला जमाव.

महाराष्ट्राने हे २००४ मध्ये पाहिले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातल्या काही ओळींनी लोक संतापले. त्या संतापाला कारण होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. महाराजांच्या जन्माविषयीची ऐकीव कुचेष्टा इतिहासाच्या पुस्तकात आधाराशिवाय छापणे हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्येच पुस्तक मागे घेतले होते. तरीही लेखकाला साहाय्य केलेल्या पुण्यातील एका संस्कृत अभ्यासकाच्या तोंडाला काळे फासले गेले आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला. ज्या पोथ्या आणि हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली होती, ज्यांच्या पानांत लेन यांना खोडून काढायचे पुरावे सापडू शकले असते, ती जमिनीवर फेकली गेली. सरकारने हल्ल्यानंतर पुस्तकच सरकारजमा केले. म्हणजे जमावाने जे मागितले ते त्याला मिळाले, आणि मागण्याची पद्धत कोणती हेही साऱ्यांना कळले.

या प्रकरणात उच्च न्यायालयात गेले कोण, हा तपशील मला उरवणेशेटांची आठवण देतो. लेखक अमेरिकेत होता, प्रकाशकाने हात झटकले होते. याचिका केली वकील संघराज रुपवते, माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि त्यांच्या एका सहकारी कार्यकर्तीने. पुस्तकातून त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता, आणि त्या वर्षी महाराष्ट्रात ही याचिका करणे म्हणजे शिव्याशापांना आमंत्रण होते. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा आदेश रद्द केला आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

याहून अवघड उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण सोप्या उदाहरणांवर उभे केलेले तत्त्व पहिल्याच धक्क्याला कोसळते. गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक डिसेंबर १९६७ मध्ये जप्त झाले. लेखक गांधीहत्येच्या कटात शिक्षा भोगून सुटलेला, आणि पुस्तकाचा सूर त्या कृत्याला समजून घ्या असे सांगणारा. मला ते पुस्तक तिरस्करणीय वाटते. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खास पीठाने, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या निकालपत्राने, ही जप्ती उठवली. मजकुराने कोणत्याही समाजात वैर पेटवले जाते असे त्यांना संपूर्ण पुस्तक वाचून दिसले नाही. हा निकाल मला योग्य वाटतो. त्याच निकालाने पुढे कितीतरी वेगळ्या, चांगल्या पुस्तकांची वाट मोकळी झाली, हे कारण तर आहेच. पण त्या पुस्तकाला उत्तर देण्याचा माझा हक्कही ते पुस्तक उपलब्ध असण्यावर उभा आहे, हे मला त्याहून मोठे कारण वाटते.

यावर घेतला जाणारा गंभीर आक्षेप असा, की शब्द निरुपद्रवी नसतात. दुर्बल समाजांविरुद्ध पसरवलेल्या शब्दांनी घरे जळतात आणि अशा वेळी लेखनस्वातंत्र्याचा जप म्हणजे जळणाऱ्यांची थट्टा ठरते. हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. अमुक वस्तीवर चालून जा, अमुक माणसाला मारा, असे सांगणे ही कृतीची तयारी आहे आणि तिला शिक्षा व्हायलाच हवी. पण १५३ अ आणि २९५ अ यांचा शतकभराचा अनुभव काय सांगतो? चिथावणी देणारा पुढारी सभेतून घरी जातो आणि कवी, अनुवादक, ग्रंथपाल, मुद्रक ठाण्यात बसतात. दुखावले जाण्याचा हक्कही सर्वांना सारखा मिळत नाही. १९८७ मध्ये राज्य सरकारने डॉ. आंबेडकरांच्या समग्र वाङ्मयाचा चौथा खंड छापला आणि राम व कृष्ण यांच्यावरील प्रकरणावरून ते काढून टाकण्याची मागणी जोराने झाली. दलित समाज प्रचंड संख्येने मुंबईत रस्त्यावर उतरला, तेव्हा मार्ग निघाला: प्रकरण राहिले आणि सरकार या मतांशी सहमत आहेच असे नाही, अशी टीप त्याखाली आली. ज्यांची पुस्तके कधी छापलीच जात नव्हती त्यांना ‘भावना दुखावल्या’ या शस्त्राचा पहिला वार आपल्यावर होतो, हे ठाऊक होते. आणि ती टीप मला आदर्श वाटते. असहमतीची नोंद करा, मजकूर राहू द्या.

आता साहित्यिकांविषयी. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभेला उभे केले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रीय मंत्रिमंडळात होते. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना एशियाटिक ग्रंथालयातून पकडून नेले. त्या भाषणाची आठवण प्रत्येक संमेलनात निघते. परंतु सुधीर ढवळे या मराठी कवी-संपादकाचे नाव किती संमेलनांच्या ठरावांत आले? ‘विद्रोही’ हे नियतकालिक चालवणाऱ्या ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याला अटक झाली. चाळीस महिने तुरुंगात काढल्यावर २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले. जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा अटक झाली आणि उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनी, आरोप निश्चितही झालेले नसताना. त्यांच्यावरील आरोप कटाचा आहे, लेखनाचा नाही, असे उत्तर यावर मिळते. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील आणि ते मी आधी ठरवू इच्छित नाही. पण खटला सुरू न करता साडेसहा वर्षे कोठडी ही शिक्षाच आहे, आणि ती भोगणारा माणूस आपल्या भाषेत लिहितो, एवढे कारण बोलायला पुरेसे होते. पहिल्या चाळीस महिन्यांची तर भरपाई कशाने होणार?

आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले. मंडालेत टिळकांना शेकडो ग्रंथ मिळाले आणि तिथे ‘गीतारहस्य’ लिहून झाले. तळोजाच्या कारागृहात याच भीमा कोरेगाव प्रकरणातील एका लेखक-कैद्याला एक इंग्रजी विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून नाकारले गेले होते, हे २०२२ मध्ये ऐकून मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीही ते हास्यास्पद ठरवले.

लेखकांनी लेखकांसाठी उभे राहण्याची संघटित परंपरा जगात आहे आणि तिचे एक जुने घर मुंबईतच आहे. १९२१ मध्ये लंडनला सुरू झालेल्या ‘पेन’ या संस्थेने १९६० मध्ये तुरुंगातील लेखकांसाठी समिती नेमली आणि १५ नोव्हेंबर हा दिवस त्यांच्यासाठी पाळला जातो. तिचे अखिल भारतीय केंद्र सोफिया वाडिया यांनी १९३३ मध्ये मुंबईत स्थापन केले, न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधून ते चालले. ती समिती काय करते? कैदेतल्या लेखकाला पत्रे लिहिते, त्याच्या सरकारला पत्रे लिहिते, त्याच्या कुटुंबाची विचारपूस करते, खटल्याला निरीक्षक पाठवते. यात वीरश्रीचे काही नाही. टपाल, हिशेब आणि सातत्य एवढेच लागते.

मराठी साहित्य महामंडळ आणि त्याच्या घटक संस्था यांच्याकडून माझी अपेक्षा अशीच साधी आहे. संमेलनाच्या मांडवाचा, भोजनाचा आणि ग्रंथदिंडीचा खर्च मोजला तर त्याच्या लहानशा हिश्श्यातून एक कायमचा न्यायसाहाय्य निधी उभा राहतो. कोणत्याही मराठी लेखकावर, अनुवादकावर, मुद्रकावर वा ग्रंथपालावर छापील शब्दासाठी खटला झाला, तर पहिल्या आठवड्यात वकील आणि जामिनाची रक्कम त्या निधीतून मिळावी, आणि मिळण्याआधी त्याचे पुस्तक कोणी वाचून पसंत केलेले असण्याची अट नसावी. पुस्तक जप्त झाले, की दोन महिन्यांची मुदत संपण्याआधी महामंडळाने स्वतः याचिकाकर्ता व्हावे. कायदा ‘हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती’ म्हणतो, आणि एका भाषेच्या साहित्यसंस्थेचा त्या भाषेतल्या पुस्तकात हितसंबंध नाही असे म्हणायला कोणी धजणार नाही. कायद्याकडे मागायचे तेही ठरलेले आहे: जप्तीआधी प्रकाशकाला नोटीस आणि सुनावणी, अधिसूचनेत पानांसह मजकूर, आणि आदेश टिकला नाही तर खर्च सरकारने द्यावा.

निधीला नाव काय द्यायचे यावर वाद होईल; मराठीत तो व्हायचाच. टिळकांचे सुचवले जाईल, आगरकरांचे, दुर्गाबाईंचे. माझे मत विचारले तर त्याला रामशेट बापूशेट उरवणे यांचे नाव द्यावे.